पाटावरचा ग्राइंडर

खंडेनवमीला आमच्या पडवीत हत्यारं पाटावर मांडली जातात. हा शिरस्ता माझ्या आज्याच्याही आधीपासूनचा. आदल्या संध्याकाळी करवती, रंधे, वाकस, गिरमिट, लहानमोठ्या पटाश्या सगळं पुसून काढायचं, लोखंडावर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. सकाळी पाटावर ओळीनं मांडायचं. हळदकुंकू, अक्षता, एकेक झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. कुणाच्या दाराची बिजागरी निखळली तरी, "उद्या येतो" म्हणून सांगायचं.

एका वर्षी मी नुकताच ग्राइंडर घेतला होता. तो पूजेत ठेवावा की नाही, या विचारानं मी तो फळीवरच राहू दिला होता. आबांना आवडणार नाही, असं मला वाटलं. आबांनी ओळ मांडून झाल्यावर मान वर केली नि म्हणाले,

"तो कुठं हाय?"

"कोण?"

"तुझा तो. किंचाळणारा."

मी ग्राइंडर आणून दिला. आबांनी तो ओळीच्या शेवटी ठेवला, वायर नीट गुंडाळून मागं सारली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. "पोट भरायला लागतोय ना तो? मग उपाशी कशाला ठेवतोस?" एवढंच बोलले.

मला त्या दिवशी हायसं वाटलं. हात की मशीन हा प्रश्न आपल्या घरापुरता मिटला, असं मी समजलो. तो मिटला नव्हता. तो मिटवायला, म्हणजे निदान नीट विचारता यायला, मला पुढची पंधरा-वीस वर्षं लागली.

*

आमचं गाव दापोली तालुक्यातलं, खाडीपासून थोडं वर. घरात पिढ्यानपिढ्या सुतारकी. नांगर, घरांच्या तुळया, दारं-खिडक्या ही रोजची भाकरी. नक्षीकाम ही सणासुदीची पोळी. देवळाचा कठडा, देव्हारा, क्वचित एखाद्या खोताच्या ओटीवरचा झोपाळा. आबांचा हात नक्षीवर चांगला होता, पण त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. कुणी तारीफ केली की म्हणायचे, "लाकूड बरं होतं."

मला त्यांनी काम शिकवलं ते धारेपासून. पहिले चार महिने फक्त निसण्यावर पटाशी घासणं. पाणी टाकायचं, घासायचं, उलटी करून एकदा फिरवायची, मनगटावरचे केस काढून बघायचे. केस निघाले नाहीत तर परत. मी चौदा वर्षांचा होतो, रडकुंडीला यायचो. एकदा चिडून विचारलं की, आबा, लाकडाला कधी लावायची ही? ते म्हणाले, "बोथट पटाशीला जोर लागतो. जोर आला की हात आंधळा होतो." तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं. धार असली की पटाशी लाकडाच्या शिरेनं जाते नि उलट्या शिरेला लागली की मनगटाला तसं सांगते. धार नसली की आपण ठोकत राहतो, मग ढलपी निघते ती नको तिथून.

म्हणून कुणाला वाटेल, आबा म्हणजे हाताच्या कामाचे कट्टर भक्त. तसं नव्हतं. वीज आमच्या वाडीत आल्यावर पहिला विजेचा रंधा घेतला तो त्यांनीच. त्यासाठी एक म्हैस विकली. आई महिनाभर बोलली नाही. फळ्या रंधून रंधून त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली आला होता. रात्री आई गरम विटेनं शेकायची. "रंधणं म्हणजे हमाली," ते म्हणायचे. "हमालीला बैल असला तर माणसानं कशाला जुंपून घ्यावं?" हाताचं काम पवित्र असतं असं शहरातले पाहुणे म्हणायला लागले की मला आबांचा तो खांदा आठवतो. पवित्र काम कुणाच्या खांद्यानं होतं, तेही विचारायला हवं.

पण तोच माणूस महिरप कोरायला बसला की मशीनला शिवायचा नाही. मी म्हणालो, राऊटर आणू का? तर मान हलवायचे. का, ते सांगता येत नव्हतं त्यांना. नि मला त्यांच्या नकारात हट्टाशिवाय काही दिसत नव्हतं.

*

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढं बोलण्याचा मला हक्क नाही.

मी ग्राइंडर घेतला, मग जिगसॉ, मग राऊटर. ग्राइंडरचं पातं मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं, राऊटरचं त्याच्या दुप्पट. ज्या खोलगट जागेला पटाशीनं सकाळ जायची तिथं पाच मिनिटं पुरतात. मला त्याची नशा चढली. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे ते त्या नशेतलं. पटाशी चुकली तर कातडं घेते, ग्राइंडर चुकला तर बोट मागतो. माझं नखावर भागलं.

पुढं चिपळूण-रत्नागिरीकडं सीएनसी मशीनवाले झाले. संगणकावर नक्षी काढायची, फळी बांधायची, मशीन आपलं आपण कोरतं. सकाळी दिलेली फळी संध्याकाळी मिळते. मी तिथून वेलबुट्टीच्या पट्ट्या करून आणायला लागलो. दारांसाठी, पलंगांसाठी. लोकांना स्वस्तात नक्षी मिळत होती. ज्यांच्या घरात कधी नक्षी आली नसती त्यांच्या दारावर मोर आला. यात वाईट काय? आजही मी म्हणतो, काही वाईट नाही.

वाईट झालं ते एका देव्हाऱ्यात. मुंबईहून एक वयस्कर जोडपं आलं होतं. मूळ आमच्याच भागातलं. त्यांना सागाचा देव्हारा हवा होता, "हातानं कोरलेला, मशीनचा नको. पैशाचं बघू नका." आबा तेव्हा आजारी होते. मी घेतो म्हणालो. सुरुवातही हातानं केली. मग पावसाळा तोंडावर आला, दुसरी दोन कामं अंगावर, नि मी कळस आणि मागची पाटी मशीनवर करून आणली. वरून पटाशीचे चार-सहा मुद्दाम ओरखडे मारले, पॉलिश पेपर फिरवला. कुणालाही कळलं नसतं. त्यांनाही कळलं नाही. ते गृहस्थ मागच्या पाटीवरून हात फिरवत म्हणाले, "बघ, हातचं ते हातचं." मी हसलो. हाताच्या दरानं पैसे घेतले.

आबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. अंगणात देव्हारा टेम्पोत चढत होता तेव्हा ते पडवीत खाटेवर होते. ते बघत होते. मागच्या पाटीवर दोन बाजूंना दोन मोर होते नि दोन्ही पिसापिसाला सारखे होते. हातानं असे दोन मोर होत नाहीत, हे मला माहीत होतं नि त्यांनाही.

*

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडात त्यानं काय केलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. माड, आंबे, फणस मुळासकट आडवे. कौलं, पत्रे उडालेले. विजेचे खांब एकामागून एक झोपलेले. आमच्या वाडीत कित्येक आठवडे वीज नव्हती, नि आभाळ तर जूनचं.

माझा पुतण्या तेव्हा माझ्याकडे काम करत होता. पोरगा हुशार. राऊटर असा धरतो की बघत राहावं. पण त्या आठवड्यात तो अंगणात नुसता उभा होता. प्रत्येक घराला वासे हवे होते, रिपा हव्या होत्या, नि त्याला हातकरवतीनं सरळ कापता येत नव्हतं. त्याचा दोष नव्हता. मीच त्याला कधी शिकवलं नव्हतं. मशीनवर काम पटकन उरकतं म्हणून निसण्याचे ते चार महिने मी त्याला माफ केले होते. मला वाटलं होतं, मी उपकार करतोय. आबा तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या पुढं होते. ते खुर्ची टाकून बसले नि पोराला बोलावून म्हणाले, "ये, आधी धार लाव." त्या पंधरा दिवसांत पोरगा पहिल्यांदा सुतार झाला.

इथं थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. हात जिंकला, मशीन हरलं. पण त्याच आठवड्यात आमचा रस्ता मोकळा झाला तो पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीनं. रस्त्यावर आडवे पडलेले ते जुने आंबे आम्ही कुऱ्हाडीनं तोडत बसलो असतो तर वाडीतल्या अडलेल्या बाईला दवाखान्यात कसं नेलं असतं? त्या किंचाळणाऱ्या करवतीला मी मनातल्या मनात तेव्हाच कुंकू लावलं.

म्हणजे एकाच वादळानं मला दोन धडे दिले नि ते एकमेकांच्या विरुद्ध होते. मी पुष्कळ दिवस त्यातला एक खोटा ठरवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

*

देवळामागचा फणस त्या वादळात पडला. जुनं झाड. दोघांच्या कवेत यायचं नाही. देवाच्या जागेतलं लाकूड देवाच्याच कामाला लावायचं, अशी आमच्याकडची रीत. ग्रामदेवीची पालखी जुनी झाली होती, दांड्याला वाळवी लागली होती. गावकर, मानकरी बसले नि ठरलं की या फणसाची नवी पालखी करायची. लाकूड चिरून सावलीत रचलं, मधे पट्ट्या घालून, वारा खेळेल असं. सुकायला दीड वर्ष दिलं. २०२२च्या शिमग्याला देवीची रूपं नव्या पालखीत लागायची होती.

फणसाचं लाकूड ज्यानं हाताळलंय त्याला ठाऊक आहे. ताजं असताना हळदीसारखं पिवळं, पुढं हवेनं नि उन्हानं तपकिरी होत जातं. भुसासुद्धा पिवळा. तिकडं ब्रह्मदेशात बौद्ध भिक्षूंची वस्त्रं याच गाभ्याच्या लाकडानं रंगवत. लहानपणी आबांनी मला एकदा एसटीनं रत्नागिरीला थिबा राजवाडा दाखवायला नेलं होतं. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५मध्ये पदच्युत करून पुढं रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी हा वाडा १९१०मध्ये बांधून झाला नि १९१६मध्ये राजा इथंच वारला. माझं लक्ष राजाच्या गोष्टीकडं. आबा मात्र खिडक्यांवरच्या अर्धगोल लाकडी नक्षीखाली मान वर करून उभे. बराच वेळ बघून म्हणाले, "यानं घाई केलेली नाय." कुणी कोरलं, कुठल्या देशाचा माणूस, मजुरी किती मिळाली, काही नाही. घाई केलेली नाही, एवढं त्यांना लाकडावरून वाचता आलं.

पालखीच्या पैशाचा मोठा भार मुंबई मंडळानं उचलला होता. चाकरमान्यांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. सीएनसीवर कोरलेली महिरप. झकास दिसत होती. खर्च हाताच्या कामाच्या चौथाईसुद्धा नाही. वाचलेल्या पैशात देवळाची लादी होईल, असा त्यांचा हिशेब. गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणं उलट. देवीला मशीनचं चालायचं नाही, हातचंच हवं. देवळात बैठक बसली. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मग सगळ्यांनी आबांकडं बघितलं.

आबा म्हणाले, "देवीला काय चालतं ते मला काय विचारता? ती शेंदूर फासलेल्या पाषाणात हाय. तिला कुणी कोरलंय?"

बैठक गप्प झाली. मला त्या रात्री झोप आली नाही. कारण आबांनी हाताच्या बाजूचं सगळ्यांत मोठं कारणच काढून घेतलं होतं. खरंच, कोकणातल्या कितीतरी ग्रामदेवता साध्या पाषाणात आहेत. त्यांना नाक-डोळे नाहीत, महिरप तर दूरच. देवीला नक्षी नको आहे. नक्षी आपल्याला हवी आहे. मग प्रश्न देवीला काय चालतं हा नाही. आपण जे करतो त्यात आपलं काय होतं, हा आहे.

*

यंत्राचा वाद आमच्या जिल्ह्याला नवा नाही. गांधीजींनी १९०९मध्ये 'हिंद स्वराज'मध्ये यंत्रांवर कडक टीका केली. त्याच गांधींनी १९२४मध्ये सांगितलं की माझा विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे, नि शिवणयंत्राला त्यांनी अपवाद म्हणून मोकळं सोडलं. सावरकर १९२४पासून १९३७पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांनी यंत्राच्या बाजूनं ठासून लिहिलं. १९२७मध्ये हे दोघं रत्नागिरीत भेटले. भेटीचा विषय वेगळा होता, पण मला उगीच वाटतं, त्यांनी पाच मिनिटं आमच्या पडवीत बसून आबांचा तो खाली आलेला खांदा नि माझे दोन सारखे मोर बघायला हवे होते. दोघांनाही थोडं थोडं थांबून बोलावं लागलं असतं.

मला मार्ग सापडायला मदत झाली ती दोन ठिकाणांहून. पहिलं सावंतवाडी. तिथल्या चितारआळीत लाकडी खेळणी नि फळं करतात ते मी बघत उभा राहिलो. पूर्वी चरक दोरी ओढून फिरवायचे, आता मोटर फिरवते. कारागीर हत्यार टेकवतो, लाकूड सोलत जातं. मग लाखेची कांडी फिरत्या लाकडाला लावतो, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते, रंग पसरतो, केवड्याच्या पानानं तो झळाळतो. मोटर आहे म्हणून त्या भोवऱ्याला कुणी मशीनचा म्हणत नाही. का? कारण मोटर जोर देते, आकार देत नाही. आकार बोटांत आहे.

दुसरं, आमच्याकडं पंधरा दिवस काम बघायला आलेला आर्किटेक्चरचा एक विद्यार्थी. त्यानं मला डेव्हिड पाय नावाच्या इंग्रज कारागिराबद्दल सांगितलं. हा लाकडाची भांडी करायचा नि लंडनमध्ये शिकवायचाही. १९६८मध्ये त्यानं कारागिरीवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, हात नि मशीन ही वाटणी फार उपयोगाची नाही. खरी वाटणी जोखमीचं काम नि खात्रीचं काम ही. ज्या कामात शेवटच्या घटकेपर्यंत वस्तू बिघडू शकते, सगळं करणाऱ्याच्या लक्षावर, हातावर अवलंबून असतं, ते जोखमीचं. ज्यात निकाल आधीच ठरलेला असतो, ते खात्रीचं. नि दोन्हीची आपापली जागा आहे.

हे ऐकलं नि मला आबांचा नकार कळला. फळी रंधण्यात ठरवण्यासारखं काही नसतं. ती सपाट व्हायची असते. तिथं मशीनला बैल करावा. उलट तिथं हातच वापरायचा हट्ट धरणं म्हणजे माणसाच्या खांद्याची किंमत न करणं. पण महिरपीच्या वेलाला लाकडात गाठ आडवी आली तर वळायचं की थांबायचं, हे दर बोटभर लाकडाला ठरवावं लागतं. ते ठरवणं मशीनला दिलं तर ते आधीच कुणीतरी, कुठल्यातरी दुसऱ्या लाकडासाठी, किंवा लाकूडच न बघता ठरवून ठेवलेलं असतं. मग सुताराकडं उरतं काय? फळी बांधणं नि सोडणं. म्हणजे हमालीच. आबा विजेचा रंधा घेऊन हमालीतून सुटले होते. मी सीएनसीवर नक्षी देऊन त्याच हमालीत परत निघालो होतो, फक्त खांदा दुखत नव्हता इतकंच.

आता याला उत्तर आहे, ते मीच देतो. राऊटर हातात धरून कोरणाऱ्यालाही दर क्षणाला ठरवावं लागतं, त्याचीही जोखीम आहे, किंबहुना बोटांची जास्तच. खरं आहे. म्हणून मी राऊटरला सीएनसीच्या पंगतीत बसवत नाही. पण राऊटर इतका वेगानं जातो की ठरवायला जो श्वासभर वेळ हवा तो मिळत नाही. नि त्याच्या आवाजात, कानावरच्या बोंड्यांत, लाकूड काय म्हणतंय ते ऐकू येत नाही. शिवाय त्याचा भुसा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५मध्येच कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. पटाशीची ढलपी पायाशी पडते, राऊटरची धूळ छातीत जाते. मशीन घेणाऱ्यानं तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क लावावा. हे मी पुतण्याला रोज सांगतो नि तो रोज विसरतो.

*

बैठकीत शेवटी मी उठलो. म्हणालो, सांगाडा, दांडा, कठड्याच्या पट्ट्या मशीनवर करू. त्यात लपवायचं काही नाही. महिरप हातानं करू, आबा नि मी नि पोरगा मिळून. मजुरी तिघांची नाही, एकाचीच घेऊ. नि कुठलं काम कशानं झालं ते सगळ्या गावाला सांगू. मंडळवाल्यांनी लादीचा हिशेब परत केला. लादी अर्धीच होणार होती. थोडी कुरकुर झाली, पण ठरलं.

मजुरीचं मी सहज लिहून गेलो, पण ते सहज नव्हतं. हाताचं काम करायचं ठरवणाऱ्यानं त्याची किंमत कुणाच्या माथी बसते ते बघावं. गावाच्या माथी अर्धी बसली, आमच्या माथी अर्धी. दर कामाला असं करता येणार नाही. रोजच्या दाराला मोर हवा असेल तर मी आजही मशीनचाच देतो. गरिबाच्या दारानं माझ्या तत्त्वासाठी बोडकं का राहावं?

महिरपीला सतरा दिवस लागले. आबा डोळ्यांनी कमी झाले होते. ते बोटांनी चाचपून सांगायचे, पोरगा कोरायचा. अकराव्या दिवशी उजव्या बाजूच्या वेलाखाली गाठ निघाली. चांगली सुपारीएवढी. कागदावरच्या नक्षीप्रमाणं तिथं पान होतं. पोरगा थांबला. मी म्हणालो, पेन्सिलनं काढलंय तसं जा, बारीक ठोक. आबांनी गाठीवर अंगठा फिरवला. "हिला फोडू नको. वेल वरनं ने." पोरानं वेल गाठीवरून वळवला. पान तिथं आलं नाही, पुढं आलं. डाव्या बाजूला पान आहे तिथं, उजव्या बाजूला नाही.

गावात हे कुणाच्या लक्षात आलं नाही, येणारही नाही. शिमग्यात खालूबाजा घुमायला लागला, पालखी खांद्यावर चढली नि नाचायला लागली की कोण वेल बघतो? पण पालखीच्या त्या बाजूला खांदा देणाऱ्यांत आमचा पोरगा होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. ते जे त्याच्या तोंडावर होतं, ते मशीनवरून फळी सोडून आणली असती तर आलं नसतं. आलं असतं असं मला कुणी दाखवून दिलं तर मी माझं म्हणणं मागं घेईन.

*

त्या शिमग्यानंतर चार दिवसांनी मी मुंबईला फोन लावला. देव्हाऱ्याच्या घरी. बाईंनी उचलला. यजमान वर्षापूर्वी वारले होते. मी सगळं सांगितलं. कळस, मागची पाटी, मुद्दाम मारलेले ओरखडे, घेतलेले पैसे.

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "हे घरी येईल त्याला दाखवायचे हो. म्हणायचे, बघा, आमच्या गावच्या सुतारानं हातानं कोरलाय."

मी एवढे दिवस समजत होतो की मी लाकडाशी खोटं वागलो, फार तर धंद्याशी. एका भल्या माणसाच्या तोंडून मी वर्षानुवर्षं खोटं बोलवून घेतलं होतं, तेही देवासमोर उभं राहून, नि ते आता दुरुस्त करायला तो माणूस राहिला नव्हता. मशीननं यातलं काही केलं नव्हतं. मशीननं आपलं काम चोख केलं होतं.

मी म्हणालो, वहिनी, नवा करून देतो, हातानं. पैसे नकोत.

"नको. देव बसलेत आता तिथं. मी कुठं उठवू त्यांना?" थोडं थांबून म्हणाल्या, "पण दरातला फरक मात्र पाठवा. नाही पाठवलात तर तुम्हांला झोप लागायची नाही."

पाठवला. तेव्हापासून माझ्या बिलावर एक ओळ जास्त असते. नक्षी: हात, किंवा नक्षी: मशीन, किंवा अर्धं-अर्धं असेल तर कुठलं काय. काही गिऱ्हाइकं हसतात. काही ती ओळ वाचून मशीनचं घेतात, काही हाताचं. निवड त्यांची. खरं सांगणं माझ्याकडं.

आबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. खंडेनवमीला पाट मांडतो मी, पुतण्या हत्यारं पुसून देतो. पटाश्या आधी, ग्राइंडर शेवटी, वायर गुंडाळून मागं. गेल्या वर्षी पोरानं विचारलं, "काका, सीएनसीवाल्याचं मशीन आपलं नाय, मग त्याला फूल कुठलं?" मी त्याला सांगितलं, बिलावरच्या त्या ओळीला एक फूल वाहा. तो हसला, पण गेला नि बिलबुक घेऊन आला.